बोटभर सिगार, वीतभर सिगार: चव, कडकपणा आणि पैशांचा हिशेब

मागच्या दिवाळीत मेव्हणा दुबईहून दोन सिगार घेऊन आला. एक माझ्या बोटाएवढा, दुसरा चांगला लाटण्याच्या मुठीसारखा जाडजूड आणि वीतभर लांब. "दाजी, तुम्हाला सवय नाही, तुम्ही लहान घ्या," असं म्हणून मोठा त्याने स्वतःकडे ठेवला. फराळाला अजून वेळ होता, पोट रिकामं होतं, आम्ही गच्चीवर बसलो.

पंधराव्या मिनिटाला मला कपाळावर घाम फुटला. हात गार पडले, समोरची पाण्याची टाकी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. गावाकडे याला सरळ शब्द आहे: तंबाखू लागली. बायकोने आधी गुळाचा खडा दिला आणि मग जे ऐकवायचं ते ऐकवलं. मेव्हणा मात्र तो दांडगा सिगार तोंडात धरून दीड तास निवांत गप्पा मारत होता. त्याला काहीही झालं नाही.

म्हणजे लहान हलका आणि मोठा कडक, हा आमचा दोघांचाही अंदाज सपशेल उलटा निघाला. मी भोसरीत छोटं मशिन शॉप चालवतो. एखाद्या वस्तूचं माप आणि तिचं काम यांचा मेळ लागला नाही तर मला झोप येत नाही. त्यामुळे नंतर वाचून, विचारून आणि (पोट भरल्यावर, बेताने) ओढून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी तीन शब्द वेगळे करू

सिगारबद्दल बोलताना लोक कडक, भारी, स्ट्राँग हे शब्द कसेही वापरतात. खरं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा म्हणजे निकोटीन किती लागतं. धुराचा भारदस्तपणा म्हणजे तो तोंडात पातळ ताकासारखा लागतो की साईच्या दह्यासारखा. आणि चव ती चव: कोको, भाजलेले शेंगदाणे, कातडं, मिरी, ओली माती, देवदाराचं लाकूड.

आपल्या स्वयंपाकघरात हा फरक आपण रोज करतो. लवंगी मिरचीचा ठेचा तिखट असतो, पण त्याला मसालेदार कुणी म्हणत नाही. गोडा मसाला घातलेली आमटी मसालेदार असते, पण तिने नाकातून पाणी येत नाही. सिगारचंही तसंच. एखादा चवीला भरगच्च आणि निकोटीनला सौम्य असू शकतो, आणि एखादा चवीला साधाच, पण खुर्चीतून उठू न देणारा.

सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, मग निकोटीन लागतं कुठून? याचं उत्तर मराठी माणसाला माहीत आहे, फक्त त्याने तसा विचार केलेला नसतो. तंबाखूला चुना का लावतात? चुना अल्कधर्मी असतो. अल्कधर्मी माध्यमात निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात उतरतं. सिगारची पानं हवेवर वाळवून, ढीग घालून आंबवलेली असतात. त्यांचा धूर मुळातच अल्कधर्मी असतो, म्हणजे चुना आधीच लावून आलाय म्हणा ना. सिगारेटचा धूर सहसा आम्लाकडे झुकतो, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. "आम्ही धूर आत घेत नाही, त्यामुळे काही होत नाही" असं म्हणणाऱ्याने गायछापवाल्याकडे एकदा बघावं. तोही काही आत घेत नाही. तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका दोघांनाही आहे. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते.

माप कसं वाचायचं

सिगारच्या मापात दोन आकडे असतात: लांबी आणि रिंग गेज. रिंग गेज म्हणजे जाडी, एका इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेली. ६४ रिंग म्हणजे बरोबर एक इंच व्यास. ५० रिंगला व्हर्निअर (जाडी मोजायचं मशिन शॉपमधलं साधन) लावला की १९.८ मिलिमीटर येतात, ४२ ला १६.७, ३८ ला १५.१, आणि हल्ली अमेरिकेत खपणाऱ्या ६० रिंगच्या गड्ड्याला २३.८.

नावं स्पॅनिश आहेत, पण पाच-सहा लक्षात ठेवली तरी दुकानात भागतं. कोरोना म्हणजे १४२ मिमी लांब, ४२ रिंग. (हे नाव २०२० नंतर दुकानात मोठ्याने उच्चारायला जरा चमत्कारिक वाटतं. मूळ अर्थ मुकुट.) पेटिट कोरोना १२९ मिमी, ४२ रिंग. रोबुस्तो १२४ मिमी, ५० रिंग. चर्चिल १७८ मिमी, ४७ रिंग. विन्स्टन चर्चिल १९४६ मध्ये हवानाला गेले होते, त्यांच्या सन्मानार्थ हे नाव पडलं. लान्सेरो १९२ मिमी, पण जेमतेम ३८ रिंग, अगदी सडपातळ. आणि गोर्डो, म्हणजे शब्दशः जाड्या: साधारण सहा इंच, ६० रिंग. गोर्डो सोडला तर ही क्युबाच्या कारखान्यांतली मापं. निकाराग्वा, होंडुरास किंवा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तेच नाव चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतं, त्यामुळे नावापेक्षा आकडे वाचावेत.

आता गंमत. डोळ्याला लांबी आधी दिसते, पण तंबाखू ठरते जाडीच्या वर्गावर, म्हणजे जाडी गुणिले जाडी. माँटेक्रिस्तो या क्युबन ब्रँडचा क्र. १ हा १६५ मिमी लांब, ४२ रिंग: आकारमान साधारण ३६ घन सेंटिमीटर. रोबुस्तो त्याच्यापेक्षा तब्बल चार सेंटिमीटर आखूड, तरी ३८. लान्सेरो टेबलावरचा सगळ्यात लांब सिगार, आणि त्यात भरतात जेमतेम ३४. गोर्डोत ६८, म्हणजे दोन लान्सेरो मावतील इतकी.

जाडीने चव का बदलते

हे समजायला करंजी पुरे. करंजी लहान केली की घासात पारी जास्त येते, सारण कमी. मोठी केली की सारणच सारण. सिगारला बाहेरून जे एक देखणं, गुळगुळीत पान गुंडाळलेलं असतं ते कापा, म्हणजे पारी. आत भरलेली पानं त्रिपा, म्हणजे सारण. दोघांच्या मध्ये सारण बांधून ठेवणारं कापोते. पारी आणि सारण यांचं प्रमाण व्यासाच्या उलट चालतं. त्यामुळे तेच मिश्रण ३८ रिंगमध्ये वळलं, तर ६० रिंगपेक्षा सारणामागे दीडपटीहून जास्त पारी तोंडात येते.

आणि ही पारी नुसती सजावट नाही. तिच्यासाठी वेगळी शेती होते. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्ता आबाहोच्या लाल मातीत, पांढऱ्या जाळीदार कापडाच्या मांडवाखाली ही झाडं वाढवतात. ऊन गाळून मिळालं की पान मोठं, पातळ आणि कमी शिरांचं होतं. कनेक्टिकट शेड पान मलईसारखं सौम्य, मेक्सिकोच्या सान आंद्रेसचं काळपट मादुरो पान कोको आणि मातीकडे झुकणारं. म्हणून एखाद्या ब्रँडचं कापा आवडलं असेल, तर तो ब्रँड सडपातळ मापात घ्यावा. कापा सुमारच असेल, तर लान्सेरोत ते लपत नाही.

इथे एक गैरसमज हमखास होतो: काळा सिगार म्हणजे कडक. मादुरो काळं होतं ते जास्त काळ, जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे, आणि त्यात उलट गोडसर झाक येते. गूळ काळा आहे म्हणून तो तिखट थोडाच असतो?

कडकपणा येतो आतल्या पानांतून, आणि त्यातही पान झाडावर कुठल्या उंचीवर होतं त्यावरून. खालची पानं व्होलादो: पातळ, छान जळणारी, चवीला फिकी. मधली सेको: सुगंध मुख्यतः यांचा. वरची लिहेरो: सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, निकोटीनने भरलेली आणि जळायला मंद. काही झाडांच्या अगदी शेंड्याला मेदिओ तिएम्पो नावाची दोन छोटी पानं येतात, सगळ्याच झाडांना नाही. कोहिबा या क्युबन ब्रँडने २०१० मध्ये आणलेला बेहिके हा सिगार याच पानासाठी ओळखला जातो.

लिहेरो मंद जळतं, म्हणून वळणारा ते मधोमध ठेवतो आणि भोवती पटकन जळणारी पानं लावतो. निखारा मग सरळ पुढे सरकतो. जाड सिगारमध्ये या मांडणीला ऐसपैस जागा असते, चार-पाच प्रकारची पानं बसतात, चव गुंतागुंतीची करता येते. पण नुसती जागा वाढली म्हणून लिहेरो वाढतंच असं नाही. ६० रिंगच्या सिगारमध्ये अनेकदा सौम्य पानांचीच भर जास्त असते, कारण दीड तास ओढायचा सिगार लिहेरोने ठासून भरला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायचं नाही. मेव्हण्याचा दांडगा तसाच असणार. माझ्या बोटभर सिगारमध्ये मात्र अर्ध्या तासात काम उरकायचं म्हणून कडक पानं भरली होती, आणि मी तो बिडीसारखा भराभरा ओढला.

भराभरा ओढणं, हा खरा गुन्हा. लहान व्यासाच्या सिगारमध्ये निखारा लहान आणि धूर तापायला वेळ लागत नाही. मिनिटाला एक झुरका, फार तर दीड. त्यापेक्षा घाई केली की धूर पोळतो, कडवट होतो, आणि मग माणूस म्हणतो सिगारच वाईट. जाड सिगार ही घाई बऱ्यापैकी खपवून घेतो. नवशिक्याच्या हाती दुकानदार रोबुस्तो देतो यात शहाणपण आहे: जाडी पुरेशी, वेळ तासाभराच्या आत, आणि बहुतेक कारखाने आपलं मिश्रण आधी याच मापावर बसवतात.

लांबीचं काम वेगळं

जाडी सारखी ठेवून लांबी बदलली तर काय होतं, हे बघायला माँटेक्रिस्तोची जुनी मालिका फार सोयीची आहे. क्र. १, ३ आणि ४ तिन्ही ४२ रिंगचे; लांबी अनुक्रमे १६५, १४२ आणि १२९ मिमी. पारी-सारणाचं प्रमाण तेच. तरी तिघांचा अनुभव वेगळा.

याचं कारण धूर प्रवास करतो. निखाऱ्यापासून ओठांपर्यंत येताना तो उरलेल्या तंबाखूतून गाळला जातो, थंड होतो, आणि वाटेत डांबर, तेलं, निकोटीन त्या तंबाखूवर बसत जातं. चहाच्या गाळण्यावर चोथा साचावा तसं. पहिला तिसरा भाग म्हणून सौम्य लागतो, मधला सगळ्यात बोलका, आणि शेवटच्यात साचलेलं सगळं एकदम वर येतं: कडकपणा वाढतो, मिरी वाढते, कधी कडवटपणाही. लांब सिगारमध्ये हा चढ हळूहळू होतो, विलंबित ख्यालासारखा. आखूड सिगार आलाप न करता थेट द्रुत लयीत शिरतो. पार्टागासच्या सेरी डी मध्ये ५० रिंगचेच तीन भाऊ आहेत: १२४, ११० आणि ९० मिमीचे. ९० मिमीचा, म्हणजे डी ६, पेटवल्यावर जरा बसतो न बसतो तोच उतरणीला लागतो. चहाच्या सुट्टीपुरता तो ठीक आहे. पण हा ब्रँड कसा आहे हे त्यावरून ठरवू नये, ट्रेलर बघून सिनेमाला शिव्या घातल्यासारखं होईल.

जाता जाता: जाड सिगार म्हणजे थाट, ही समजूत अलीकडची आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबावर व्यापारबंदी लादण्याआधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी आपले माध्यम सचिव पिअर सॅलिंजर यांना हजारेक सिगार मिळवायला सांगितले. सॅलिंजर यांनी १,२०० आणले, मग सही झाली. ते कुठले होते? पेटिट उपमान: छोटे, बारीक. क्युबाचे नेते फिदेल कॅस्ट्रो यांच्या कोहिबाची ओळखही सडपातळ लान्सेरोनेच झाली. जगातले दोन प्रतिस्पर्धी, दोघांच्या बोटांत बारीक सिगार.

आता खिसा

किमतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे नगाचा भाव बघणं. खोटे आकडे धरून हिशेब करू, प्रमाण समजण्यापुरता. समजा एकाच ब्रँडचा पेटिट कोरोना १,५०० रुपयांना, रोबुस्तो १,९०० ला आणि गोर्डो २,४०० ला आहे. आकारमान अनुक्रमे २८, ३८ आणि ६८ घन सेंटिमीटर. म्हणजे दर घन सेंटिमीटरला सुमारे ५४, ५० आणि ३५ रुपये. लहान सिगार तोळ्यावर महाग, मोठा स्वस्त.

असं का होतं, हे कारखाना चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. लहान जॉब असो की मोठा, मशिनवर चढवायला वेळ तेवढाच. सिगार वळणारा कारागीर, त्याला तोर्सेदोर म्हणतात, चावेता नावाच्या अर्धगोल पात्याने कापा कापतो, टोपी बसवतो, ती डिंकाने चिकटवतो. हे काम दोन्ही मापांना जवळपास सारखंच. वरची कागदी अंगठी, पेटी, तपासणी सारखीच. करही पुष्कळदा नगावर. अमेरिकेचा केंद्रीय कर किमतीच्या ५२.७५ टक्के आहे, पण एका सिगारला जास्तीत जास्त ४०.२६ सेंट, त्यामुळे महागड्या सिगारला लहानमोठं सगळं एकच.

लान्सेरो मात्र या हिशेबात बसत नाही. तंबाखू कमी, तरी भाव वरचा. एवढ्या बारीक नळीत पानं अशी चुणून भरायची की हवा पूर्ण लांबीभर खेळली पाहिजे. जरा दाबून भरलं की सिगार गळा धरतो, झुरका येतच नाही. अनुभवी हातालाच जमतं. तिथे आपण तंबाखूचे नाही, कसबाचे पैसे देतो. मला तो सौदा पटतो.

उलट गोर्डोचं स्वस्तपण फसवं आहे. मेव्हण्याने दीड तासानंतर त्याचा एक तृतीयांश तसाच राखदाणीत ठेवला, जेवायला हाक आली म्हणून. विझलेला सिगार पुन्हा पेटवता येतो, पण शिळ्या भजीसारखा. वरच्या हिशेबात २,४०० रुपयांत प्रत्यक्ष ओढली गेली ती ४५ घन सेंटिमीटर, म्हणजे दर ५३ रुपये. रोबुस्तो परवडला असता. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न वेळेचा: पेटिट कोरोनाला अर्धा-पाऊण तास, रोबुस्तोला पाऊण ते एक, चर्चिलला दीड, गोर्डोला दोनपर्यंत. तुमच्याकडे सलग, निवांत, उघड्यावरची किती मिनिटं आहेत?

ब्रँडच्या नावाचे पैसे वेगळे. २०२२ मध्ये क्युबाच्या हबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या आपल्या ब्रँडांचे जगभरचे भाव हाँगकाँगच्या पातळीला नेऊन बसवले आणि ते एका फटक्यात कुठल्या कुठे गेले. तेव्हापासून निकाराग्वाच्या एस्तेली भागातले सिगार घेणाऱ्यांचं फार काही बिघडलेलं नाही. तिथल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीतलं पान भरदार असतं, आणि आकारांच्या बाबतीत त्या कारखान्यांची हौस दांडगी.

पुण्या-मुंबईत घेणाऱ्याला एक जास्तीची गोष्ट बघावी लागते: साठवण. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि विशीच्या आसपास तापमान मानवतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये उघडा राहिलेला लान्सेरो दोन-तीन दिवसांत पापडासारखा वाजतो, रोबुस्तो त्याच हवेत थोडा जास्त तग धरतो. बारीक वस्तू लवकर वाळते, आपल्या कुरडयाही तसंच करतात. मुंबईच्या जुलैत उलट, पांढरी बुरशी. एका दुकानात, नाव घेत नाही, मला नुसत्या काचेच्या कपाटातून काढून लान्सेरो दिला होता; टोक कापताच कापा बांगडीसारखा तडकला. घेण्याआधी मधोमध हलकेच दाबून बघा. स्पंजासारखा दबून परत आला पाहिजे. कुरकुर ऐकू आली तर खाली ठेवा.

परवा मेव्हण्याचा दुबई विमानतळावरून फोन आला. "दाजी, यंदा काय आणू? मोठेच आणतो, कस्टमवाले नग मोजतात, आकार नाही." बरोबर होतं त्याचं. २०१६ च्या बॅगेज नियमांत शुल्कमाफी २५ सिगारांना लिहिली होती, गोर्डो असो की बोटभर. मी म्हटलं, दोन रोबुस्तो आण, एकाच ब्रँडचे, ५० रिंगचे. आणि या वेळी जेवण झाल्यावर बसू.

"मोजून घेणार काय?" त्याने विचारलं.

व्हर्निअर आधीच गच्चीवर नेऊन ठेवलाय.